तिलहमराचं फाटक

१५ जून २००९, अंकारा

आज दुपारी रासिम बेंनी, आमच्या मोठ्या साहेबांनी, बोलावलं. अकरा वर्षं मी या मंत्रालयात आहे, पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत पाऊल टाकलं ते आजच. माझं काम तळमजल्यावर. दमास्कसहून, बगदादहून आलेली पत्रं तुर्कीत उतरवायची, इकडची अरबीत. कागद रागावत नाहीत, उठून जात नाहीत, म्हणून मला ते काम आवडतं.

रासिम बे शेजारच्या अरब देशांचं सगळं बघतात. वय एकसष्ट, या शरदात निवृत्त होणार. खोलीत पुस्तकं इतकी की खुर्चीवरची काढून मला बसायला जागा करावी लागली.

"तुमचं गाव कुठलं, सेमिहा हानिम?"

"मार्दिनच्या खाली, सपाटीवर. तिलहमरा."

"रेषेवरचं की रेषेखालचं?"

हा प्रश्न आमच्याकडचाच माणूस विचारतो. तिलहमरा एकच गाव होतं. त्याच्या पोटातून रेल्वे गेली आणि पुढे रुळांनाच सरहद्द ठरवलं. वरचं तिलहमरा तुर्कीत, खालचं सीरियात. मधे काटेरी तार आणि सुरुंगांचा पट्टा.

"वरचं," मी म्हटलं.

"खाली कोणी आहे?"

"नाही."

ते चहा ढवळत राहिले. पेल्यात साखर घातलेली मला तरी दिसली नव्हती.

मग त्यांनी काम सांगितलं. दोन्ही देशांत व्हिसाच काढून टाकायचं घाटतं आहे. त्याआधी एखादं लहानसं, जुनं, बंद पडलेलं फाटक उघडून बघायचं, आणि त्यासाठी तिलहमराचं फाटक निवडलं आहे. नेहमीचे दुभाषी हल्दून बे पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी रजेवर, तेव्हा मी चलावं.

मी हो म्हटलं. घरी येऊन आधी ही वही काढली. रेषेखाली माझं कोणी नाही हे मी आज दुसऱ्यांदा खोटं बोलले. पहिल्यांदा अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात, नोकरीचा अर्ज भरताना. तेव्हा आमचे रणगाडे सरहद्दीवर उभे होते आणि युद्ध आज होतं की उद्या अशी गत होती. 'परदेशातील नातेवाईक' या रकान्यात मी लिहिलं, 'कोणी नाही'. आईची सख्खी धाकटी बहीण, माझी नौफा खाला, लग्न होऊन खालच्या तिलहमरात गेली आहे. आमच्या गच्चीवरून तिची चूल पेटलेली दिसते.

१८ जून

कॅन्टीनमध्ये हल्दून बे भेटले. तळलेली कलेजी खात होते. मी विचारलं, ऑपरेशन कधी? म्हणाले, "कसलं ऑपरेशन? मला पंधरा दिवस घरी बसा म्हणालेत, का ते विचारू नका म्हणालेत." बिचारे. आजार लपवायची काही लोकांना सवय असते.

आईला फोन केला. काय काम आहे ते सांगता येत नाही, पण गावात आधीच कुणकुण लागली आहे.

"फाटक उघडणार म्हणतात," आई म्हणाली. "उघडू देत. पण मी नाही जायची. तिनं यायचं. मी मोठी आहे."

"आई, सत्तावीस वर्षं झाली."

"म्हणूनच. ब्याऐंशीत मी तीन महिने व्हिसासाठी हेलपाटे घालून गेले होते. निघताना म्हणाली, पुढच्या वर्षी मी येते. आली का?"

तिला व्हिसा मिळाला नाही हे आईला माहीत आहे. रुसवा असा धरला की तो धरायचीच सवय होते, दुसरं काय!

२४ जून, अलेप्पो

पहिली बैठक. सीरियाच्या बाजूचे प्रमुख मुनझिर, तिकडच्या आदराने उस्ताद मुनझिर. काटकुळे, एका सिगारेटवर दुसरी पेटवणारे, जिभेला धार. आपल्या बाजूला रासिम बे, सैन्याचे कर्नल आयदेमीर आणि मी.

दहा मिनिटांत सगळं मोडता मोडता राहिलं. फाटकाची जागा दाखवायला मुनझिरांच्या माणसाने टेबलावर नकाशा पसरला. त्यावर आपला हाताय प्रांत त्यांच्या रंगात रंगवलेला. त्यांच्याकडे नकाशे तसेच छापतात हे मला माहीत होतं, पण असा डोळ्यांसमोर यावा! कर्नलसाहेबांची खुर्ची करकरली. "हा नकाशा टेबलावर असेपर्यंत मी बसणार नाही," म्हणत ते उभेच राहिले. समोरच्या बाजूचेही दोघे उठले.

रासिम बेंनी शांतपणे बकलावाचा डबा उघडला. अंतेपहून मुद्दाम आणलेला, पिस्त्याचा. ताट भरलं, सगळीकडे बघितलं, आणि नकाशाच्या नेमक्या त्या कोपऱ्यावर ठेवलं.

"टेबल लहान आहे," ते म्हणाले. "ताटाला दुसरी जागा नाही. बसा आयदेमीर बे, थंड चहाबरोबर हे चांगलं लागत नाही."

मी भाषांतर केलं. मुनझिर ताटाकडे बघत राहिले. मग एक तुकडा उचलून म्हणाले, "ताट आज रिकामं होऊ देऊ नका, नाहीतर खालचं दिसायला लागेल." सगळे हसले. रासिम बे तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच हसले. समोरचा हसला की त्यांना लगेच हसू येतं, इतका मनमोकळा माणूस. अरबीचं एक अक्षर येत नसताना चार देशांत राजदूत म्हणून कसं निभावलं असेल, देव जाणे. बहुतेक याच हसण्यावर.

दिवसभर ताट तिथेच होतं. संपत आलं की त्यांचाच माणूस भरून आणत होता.

२५ जून, अलेप्पो

आज माझ्या हातून चूक झाली. मुद्दाम केलेली चूक म्हणावी लागेल.

सकाळी मुनझिर बिनसलेले होते. मधेच म्हणाले, "तुमच्या आजोबांनी आमच्या आजोबांना दमास्कसच्या चौकात फासावर लटकवलं. आज तुम्ही मिठाई घेऊन आलात. आम्ही तोंड गोड करायचं आणि मान विसरायची?"

बोलणी आता फिसकटणार असं मला वाटलं. मी तुर्कीत सांगितलं, "उस्ताद म्हणतात, आपल्या आजोबांपासूनचे संबंध आहेत, त्यांत कडूगोड दोन्ही आहे."

रासिम बेंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग मुनझिरांकडे.

"त्यांना सांगा," ते म्हणाले, "फासाची आठवण दोर ओढणाऱ्याच्या घरात राहत नाही, ज्याची मान होती त्याच्याच घरात राहते. विसरा म्हणायला मी आलेलो नाही. ते आठवत असतानाही एक फाटक उघडता येईल का, एवढंच विचारायला आलो आहे."

मी सांगितलं. माझाच आवाज मला परका वाटला. मुनझिरांनी सिगारेटचं पाकीट टेबलावरून रासिम बेंकडे सरकवलं.

नुसत्या चेहऱ्यावरून त्यांनी हे कसं ओळखलं? चाळीस वर्षांचा अनुभव, दुसरं काय. संध्याकाळी हॉटेलच्या पायऱ्यांवर मला म्हणाले, "सेमिहा हानिम, पाणी वाहून नेणाऱ्याने वाटेत त्यात साखर घालू नये. समोरच्याला तहान लागलेली असते." बहुधा मुनझिरांच्या त्या सहायकाला तुर्की येतं आणि त्याने चहाडी केली. यापुढे जे ऐकेन तेच सांगेन.

९ जुलै, मार्दिन

तीन दिवस वेळापत्रकावर घासाघीस. फाटकाच्या पाटीवर आधी अरबी की आधी तुर्की, अडसर आधी कोणी उचलायचा, झेंडे किती उंच. कर्नलसाहेब प्रत्येक मुद्द्यावर अडून बसतात. रासिम बे एकेक सोडत जातात. आधी अरबी? बरं. नाव 'बंधुत्व'? बरं. आम्ही आधी उचलू? बरं.

जेवताना कर्नल तडकले. "सगळंच देऊन टाकताय तुम्ही!"

"पाटी वाचून कोणी पलीकडे जात नाही," रासिम बे भाकरीने वांग्याचं भरीत पुसत म्हणाले. "मला एकच पाहिजे. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, आठवड्याचे सातही दिवस. त्यांना पाहिजे फक्त शुक्रवार. तेवढं मिळालं तर पाटीवर तुमचं नाव उलटं लिहिलं तरी चालेल."

संध्याकाळी सातही दिवस मिळाले.

पण खरं लिहायचं तर माझ्या मनात शंका आहेत. मुनझिरांनी आज फरात नदीच्या पाण्याचा विषय काढला. वरून धरणं तुम्ही बांधलीत, खाली आमची शेतं सुकतात. रासिम बे म्हणाले, "त्या नळाची चावी माझ्या खिशात नाही. नसलेलं द्यायचं वचन मी देणार नाही." हे प्रामाणिक झालं, पण पाणी काही सुटलं नाही. आणि अंतेपच्या व्यापाऱ्यांचे ट्रक खाली जायला हवेत म्हणूनच अंकाराला शेजाऱ्यांचा एवढा कळवळा आलाय, असं आमचे लोकही म्हणतात. मी रासिम बेंना धीर करून विचारलंच.

"व्यापाऱ्यांना ट्रक न्यायचे आहेत हे खरं आहे," ते म्हणाले. "मंत्र्यांना टाळ्या हव्यात हेही खरं. मला यातलं काही पुण्यकर्म वाटत नाही. पण ज्या रस्त्याने ट्रक जातो त्याच रस्त्याने म्हातारी माणसं जाऊ शकतात. दोघांसाठी वेगळा रस्ता कोणी बांधून देणार आहे का?"

माझी म्हातारी डोळ्यांसमोर आली.

२१ जुलै, तिलहमरा

आज जे झालं ते जमेल तसं लिहिते.

जागेची पाहणी होती. दोन्ही बाजूंची माणसं गंजलेल्या फाटकापाशी आली होती, आम्ही वर, ते खाली. खालच्या गावातले बरेच लोक तारेपासून लांब उभे राहून बघत होते. ऊन असं की पत्रा चटके देत होता. दहाच्या सुमारास डावीकडे स्फोट झाला. खलफ नावाचा पन्नाशीचा मेंढपाळ निसटलेल्या मेंढ्यामागे सुरुंगपट्ट्यात शिरला होता. धूळ खाली बसली तेव्हा तो दिसला, बसलेला, आपल्या पायाकडे बघत. पाय गुडघ्याखाली उरला नव्हता.

दोन्हीकडचे सैनिक नुसते उभे. पट्टा आपल्या हद्दीत, माणूस त्यांचा. त्यांचं रुग्णालय तीन तासांवर, आपलं वीस मिनिटांवर. मुनझिर दमास्कसला फोन लावत होते, लागत नव्हता. कर्नल म्हणाले, "परका माणूस विनाकागद आत घ्यायचा तर अंकाराची लेखी परवानगी लागते."

"कोणाची?"

"लेखी. कोणा अधिकाऱ्याची."

रासिम बेंनी बैठकीच्या विषयपत्रिकेचा कागद उलटा केला, माझ्या पाठीवर ठेवूनच त्यावर लिहिलं, सही केली आणि कर्नलच्या हातात दिला. "हा घ्या अधिकारी." मग मला म्हणाले, "मुनझिरांना सांगा, तुम्ही फोन लावत राहा. तो लागेपर्यंत आम्ही त्याला उचलतो. नको असेल तर आत्ता सांगा."

मुनझिर फोन कानाला लावून उभे होते. त्यांनी मान हलवली. नको अशी नाही, हो अशी. असं करताना त्यांना केवढी किंमत मोजावी लागू शकते, हे त्यांच्या ओठांवरून कळत होतं.

कर्नलसाहेबांनी कागद वाचला. मग खिशातून पेन काढून रासिम बेंच्या सहीखाली स्वतःची सही केली आणि सैनिकांना हुकूम दिला. मला तो क्षण विसरता येणार नाही. महिनाभर मी या माणसाला हटवादी समजत होते.

सैनिक पोटावर सरपटत, सळईने जमीन टोचत पुढे निघाले. माझ्या हातात कर्णा दिला. "हलू नकोस, खलफ," मी ओरडत राहिले. "तुझा कमरेचा पट्टा काढ, मांडीला घट्ट बांध. बांधलास? आता माझ्याशी बोल. मेंढ्या किती आहेत तुझ्या?" तो म्हणाला, "एकोणतीस. तो गाढवीचा एक पळाला, नाहीतर तीस." पंचवीस मिनिटं आम्ही मेंढ्यांवर बोललो.

आणि तेवढ्यात खालच्या गर्दीतून आवाज आला, "सेमिहा! शमसाची सेमिहा! त्याला सोडू नकोस गं, तो माझा दीर आहे!"

नौफा खाला. आईच्या नावाने मला हाक मारत तारेकडे धावणाऱ्या तिला दोघांनी धरून ठेवलं होतं. आमच्या नि त्यांच्या सगळ्या अधिकाऱ्यांसमोर. माझ्या हातातला कर्णा खाली आला. अकरा वर्षांचं खोटं भर उन्हात उघडं पडलं.

रासिम बे शेजारी उभे होते. सैनिकांवरची नजर न काढता म्हणाले, "त्या बाई तुम्हाला हाक मारताहेत."

"हो."

"मग ओ द्या. सरकारी कामात हाकेला ओ द्यायची बंदी नाही."

मी कर्णा उचलला. "नाही सोडणार, खाला!" मी ओरडले. रडत होते बहुतेक. खलफला सव्वाअकराला गाडीत घातलं.

२२ जुलै

खलफ वाचला. रात्रभर जागून मी कबुलीचा कागद लिहिला: आईची बहीण रेषेखाली राहते, नोकरीला लागताना मी ते लपवलं, राजीनामा द्यायला तयार आहे.

रासिम बेंनी तो उभ्या उभ्या वाचला.

"तेव्हा खरं लिहिलं असतं तर तुम्हाला ही नोकरी मिळाली नसती," ते म्हणाले. "म्हणजे काल खलफशी बोलायला मला हल्दून मिळाला असता. त्याला मेंढ्यांतलं काही कळत नाही." कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. "राजीनाम्याचं वाक्य खोडून पुन्हा लिहून द्या. बाकीचं मी फाइलला लावतो. उशिरा आलेला कागदही कागदच असतो. नौफा हानिमना मुलं किती?"

"पाच," मी म्हटलं.

नंतर लक्षात आलं, कागदावर मी खालाचं नाव लिहिलंच नव्हतं. कालच्या आरड्याओरड्यात कानावर पडलं असेल.

३ ऑगस्ट, अंकारा

वरून खुलासा मागवला आहे. अधिकार नसताना सरहद्द ओलांडू दिली, सैन्याला हुकूम देणारा कागद लिहिला. रासिम बेंना बैठकांमधून बाजूला केलं. फाटकाचं काम थांबलं. मजल्यावरचे लोक आता त्यांना लिफ्टमध्ये पाहून पुढची लिफ्ट पकडतात. मी मुद्दाम त्यांच्याबरोबर जाते. ते विचारतात, "जिन्याने जायला काय झालं? तुम्ही तरुण आहात."

त्यांनी खुलाशात काय लिहिलं ते टंकलेखनाच्या टेबलावर दिसलं. एवढंच: 'माणूस रक्तबंबाळ होता. परवानगी मागितली असती तर मिळालीच असती याची मला खात्री होती, म्हणून वेळ वाचवला.' वाचून मला हसू आलं. याला रागावायचं तरी कसं?

१३ ऑगस्ट, मार्दिन

उस्ताद मुनझिर आज खलफला न्यायला आले. कोणी बोलावलं नव्हतं. कागदपत्रांवर भाषांतर लागेल म्हणून मला पाठवलं होतं. रासिम बे स्वतःच्या खर्चाने, रजा टाकून आले.

खलफ खाटेवर बसून कुरकुरत होता. "पाय गेला तो गेला, पण मेंढा कोणी खाल्ला ते तरी सांगा." वॉर्डातले सगळे आमच्याच बोलीत हसत होते. कोण वरचा, कोण खालचा, कळत नव्हतं.

बाहेर ओट्यावर मुनझिर म्हणाले, "त्या दिवशी दमास्कसला फोन लागला होता, उस्ताद रासिम. तिसऱ्या वेळी. मी तो कानाशी धरून ठेवला नि काही बोललो नाही."

मी तुर्कीत सांगितलं. रासिम बेंचे डोळे त्याआधीच भरले होते. उन्हाने असेल, म्हातारी माणसं उन्हात लवकर ओघळतात.

"आता तुम्हाला घरी काही त्रास?" त्यांनी विचारलं.

"होईल थोडा. पण मी त्यांना एक अहवाल दिला आहे. तुर्कांनी आपला मेंढपाळ स्वतःच्या सुरुंगांतून सरपटत जाऊन काढला, आणि बदल्यात काही मागितलं नाही. आमच्याकडे खूप दिवसांनी कोणीतरी अहवाल शेवटपर्यंत वाचला म्हणे." त्यांनी सिगारेट विझवली. "ते फाटक व्हावं असं ते म्हणताहेत. सातही दिवस."

मग दोघं शेजारी शेजारी बसून टरबूज खात राहिले. मला भाषांतराला काही नव्हतं.

२० सप्टेंबर, तिलहमरा

बायरामचा, म्हणजे ईदचा, पहिला दिवस. या आठवड्यात दोन्ही देशांनी व्हिसा काढल्याचं जाहीर केलं. आमच्या फाटकाची तारीखही लागली, पण ती पुढच्या महिन्यातली. म्हणून नेहमीसारखेच सगळे तारेपाशी, फाटकाजवळ सुरुंग नाहीत तिथे. लोक साखर, बांगड्या, लहान मुलांचे कपडे गाठोड्यात बांधून पलीकडे भिरकावत होते. आई दरवर्षी घरीच बसते. यंदा आली. खाला पलीकडून ओरडली, "शमसा, म्हातारी झालीस गं!"

"तू काय तरुण राहिलीस?" आई ओरडली. "तो आवाज खाली घे, मी बहिरी नाही!"

परत येताना म्हणाली, "किती वाळलीये."

१७ ऑक्टोबर, तिलहमरा

फाटक उघडलं. दोन मंत्री, दोन बँड, पाटीवर आधी अरबी. ठरल्याप्रमाणे अडसर आधी आम्ही उचलला. कर्नल आयदेमीर नव्या बुटांत, हसायचं नाही असं ठरवून उभे होते, आणि हसत होते. उस्ताद मुनझिरांना शेवटच्या रांगेत जागा दिली होती. रासिम बेंना कुठेच नाही. पहिल्या तारखेला ते निवृत्त झाले. भाषणात त्यांचं नाव आलं नाही. मीच भाषांतर करत होते, आलं असतं तर मला कळलं असतं. एकदा मनात आलं, आपणच घालावं. पण पाण्यात साखर घालायची नाही.

भाषणं संपायच्या आतच माणसं सुटली. त्यांना कोणी थांबवलं नाही. मी आईला शोधत होते. तिनं निक्षून सांगितलं होतं, मी फाटकाशी उभी राहीन, तिला येऊ दे. बघते तर सगळ्यांत पुढे, चपला हातात घेऊन, आई धावत होती. त्रेसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेली माझी आई. खालाही पळत आली. दोघी रुळांच्या पुढे, दोन फाटकांच्या मधल्या जागेत एकमेकींवर आदळल्या आणि तिथेच खाली बसल्या. कोणाच्या देशात ते मला ठरवता आलं नाही. बँड वाजत होता. मंत्री थांबून बघत होते. खाला आईच्या पायांवरची धूळ पदराने पुसत राहिली.

संध्याकाळी पाच वाजले, साडेपाच झाले, आई परतली नाही. सहाला फाटक मिटतं. मी धावपळ करून फोन लावला.

"मी इथेच झोपणार," ती म्हणाली. मागे चार बायका एकदम बोलत होत्या. "उद्या येते. नाहीतर परवा. आता कसली घाई गं?"

२४ ऑक्टोबर, अंकारा

आई अजून तिकडेच. काल फोनवर दोघींचं भांडण चाललं होतं. कुब्ब्याच्या सारणात मिरची किती, यावरून. आई म्हणते, सत्तावीस वर्षांत हिला धड स्वयंपाक यायला हवा होता, शिकवूनच येते. आधी चार दिवस म्हणाली, मग ऑलिव्हची तोडणी होईपर्यंत, आता कुर्बान बायरामपर्यंत.

रासिम बेंना फोन केला. अंकाराजवळच्या गावी बागेत माती उकरत होते. मी सगळं सांगितलं: अडसर, चपला, कर्नलचं हसू. भाषणात त्यांचं नाव नव्हतं हेही सांगितलं.

"असायला नको," ते म्हणाले. "फाटकावर माणसाचं नाव लागलं, की त्या माणसावर रागावलेले लोक फाटकावर राग काढतात. आई किती दिवस राहणार?"

"बायरामपर्यंत म्हणते. मी म्हटलं, ये आता, पुन्हा हवं तेव्हा जा. फाटक कुठे पळून चाललंय?"

माती उकरण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, फोन कटला.

"राहू द्या त्यांना," ते म्हणाले. "जेवढं राहावंसं वाटतं तेवढं राहू द्या. तुमची रजा शिल्लक आहे?"

"बावीस दिवस."

"सगळी काढा."

मला हसू आलं. आमच्या मंत्रालयात सगळी रजा एकदम कोणी काढत नाही. "एवढी एकदम कशाला, रासिम बे? वसंतात जाईन. हवा चांगली असते."

"आत्ता जा, सेमिहा हानिम," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांनी मला कशाचा आग्रह केला नव्हता. "हवेचं काय, थंडीतही दोन बहिणींशेजारी ऊब असते."

निवृत्त माणसं हळवी होतात. पण त्यांचं ऐकायची सवय लागली आहे. दुपारी अर्ज दिला, बावीसच्या बावीस दिवसांचा. साहेबांनी भुवया उंचावून सही केली. बस उद्या सकाळी सातला आहे.